राज्यकारभाराची उतरंड आणि वाशिम जिल्हा

‘सरकार’ हा शब्द आपल्या तोंडी सहज येतो. रस्ता झाला नाही, शाळेला शिक्षक मिळाला नाही, दफनभूमीच्या जागेचा कागद अडला, की आपण सरकारला दोष देऊन मोकळे होतो. आणि गावात नळाला पाणी आले, की त्याचे श्रेयही सरकारच्याच पदरात टाकतो. परंतु हे सरकार म्हणजे नेमके कोण, ते कोठे बसते, कोणाच्या नावाने बोलते, आणि मुंबईच्या मंत्रालयातून निघालेला निर्णय एखाद्या खेड्याच्या चावडीपर्यंत कोणकोणत्या पायऱ्यांनी उतरतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. नागरिकशास्त्राच्या शालेय पुस्तकातील धडा परीक्षेपुरता पाठ झाला आणि परीक्षेबरोबरच विसरला गेला, अशी आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती आहे.

या लेखात आम्ही तो धडा पुन्हा वाचू इच्छितो. मात्र पुस्तकातून नव्हे, तर महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या इतिहासातून. तो जिल्हा म्हणजे विदर्भातील वाशिम. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. वसईच्या वाचकांना ते वर्ष वेगळ्या कारणाने आठवत असेल. त्याच वर्षी २२ मे रोजी परमगुरुस्वामी पोप दुसरे जॉन पॉल यांनी मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण केला. मोठ्या घरातून वेगळे बिऱ्हाड थाटताना कोणता आनंद होतो आणि कोणती जबाबदारी अंगावर येते, हे त्या वर्षी वसईकरांनी अनुभवले होते. वाशिमकरांच्या बाबतीत एक गोष्ट अधिक होती. त्यांना नवा जिल्हा मिळत नव्हता, गेलेला जिल्हा परत मिळत होता. १९०५ साली एका फेरमांडणीत पुसला गेलेला जिल्हा ९३ वर्षांनी पुन्हा नकाशावर आला. म्हणूनच राज्यकारभाराची प्रत्येक पायरी कोणी घातली, कशासाठी घातली आणि ती काढून घेतली तर काय होते, हे पाहण्यास वाशिमइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

राजधानीपासून परगण्यापर्यंत

वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. चौथ्या आणि पाचव्या शतकांत वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या वराहदेव नामक मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, असे तेथील शिलालेख सांगतो. आज मागासलेपणाच्या यादीत ज्याचे नाव वाचावे लागते, ते गाव एके काळी अजिंठ्याच्या वैभवाचे सूत्रधार होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९३९ साली वाशिम येथे दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट सापडला. त्याच्या राज्यवर्षाच्या सदतिसाव्या साली वत्सगुल्माहून दिलेली ही सनद नांदेडच्या बाजूच्या एका गावाच्या दानाची आहे. काही भाग संस्कृतात आणि बराचसा प्राकृतात आहे. ज्या गावाचे दान दिले, तेथे राजाच्या शिपायांनी प्रवेश करू नये, मिठासाठी खणू नये, बैल वेठीस धरू नयेत, अशा सवलतींची त्यात मोठी यादी आहे. आम्हाला या यादीत त्या काळच्या राज्यकारभाराचे चित्र दिसते. ज्या गावाला सवलत नव्हती, तेथे राजाचे शिपाई शिरत होते, मीठ खणले जात होते, बैल नेले जात होते, असाच त्याचा अर्थ. गावाला सरकार भेटत असे ते घेणारे म्हणून. सरकारने काही द्यावे, ही अपेक्षा फार पुढच्या काळातली.

मोगलांच्या अमदानीत वऱ्हाड हा सुभा झाला. अकबराच्या काळी या सुभ्याचे जे विभाग पाडले गेले, त्यांना ‘सरकार’ असे म्हणत आणि त्यांत वाशिमचे एक स्वतंत्र सरकार होते. सुभ्याखाली सरकार, सरकाराखाली परगणा आणि परगण्याखाली गाव, अशी ती रचना. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण मुंबईच्या वा दिल्लीच्या सत्तेचा निर्देश करतो, तो शब्द तेव्हा जवळजवळ जिल्ह्याएवढ्या मुलखाचे नाव होता. शब्द वर चढत गेला आणि मुलूख खाली राहिला, असेच म्हणावयाचे.

गहाण पडलेला मुलूख

पुढे वऱ्हाड निजामाच्या ताब्यात आला. इंग्रजांनी निजामाच्या खर्चाने पोसलेल्या फौजेची थकबाकी वाढत गेली, आणि १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. १८६० मध्ये त्या तहात दुरुस्ती झाली. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, अशी ही चमत्कारिक व्यवस्था अर्धशतक चालली. हैदराबादचा रेसिडेंट हाच वऱ्हाडचा वरिष्ठ अधिकारी असे. त्याच्या हाताखाली अमरावती, एलिचपूर, वणी, अकोला, बुलढाणा आणि वाशिम असे सहा जिल्हे पाडले गेले. वाशिम जिल्ह्यात वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे तीन तालुके होते, आणि जिल्हाप्रमुखाला डेप्युटी कमिशनर म्हणत.

१९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी निजामाशी नवा करार केला. दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमचा इंग्रजांच्या पट्ट्यात गेला. दुसऱ्याच वर्षी, १९०३ मध्ये, तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. हैदराबादकडे पाहणारा मुलूख आता नागपूरकडे पाहू लागला. आणि ऑगस्ट १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेरमांडणी होऊन सहाचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत गेले, वणी जिल्हा यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि वाशिम जिल्हा मोडला. वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले गेले, तर पुसद यवतमाळला.

या सर्व घडामोडींत वाशिमच्या रयतेला कोणी काही विचारले नाही. विचारण्याची सोयच त्या राज्यरचनेत नव्हती. १८८२ च्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावानंतर स्थानिक बोर्डे आली होती, पण त्यांचा अधिकार रस्ते, दवाखाने आणि प्राथमिक शाळा यांपलीकडे फारसा जात नसे. जिल्हा ठेवावा की मोडावा, हा निर्णय वरच्या कचेरीचा. परिणाम मात्र खालच्या माणसाचा. ज्याला पूर्वी वाशिमला जाऊन काम उरकता येई, त्याला आता सुमारे ऐंशी किलोमीटर दूर असलेल्या अकोल्याची वाट धरावी लागली. रिसोडच्या शेतकऱ्याची वाट त्याहूनही लांबली.

नागपूरहून मुंबईकडे

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतिक कायदेमंडळात लोकनिर्वाचित सभासद आले. पण वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश मुलूख नव्हता. त्यामुळे वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेल्या सभासदांची पुन्हा रीतसर नेमणूक करून त्यांना नागपूरच्या कौन्सिलात बसवावे लागे. मत लोकांनी द्यायचे आणि मान्यता वरून यायची! १९३५ च्या कायद्यानंतर प्रांताचे नाव ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असे झाले आणि १९३७ मध्ये तेथे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. १९४८ च्या कायद्याने या प्रांताने तहसील पातळीवर ‘जनपद सभा’ स्थापन केल्या. गावाच्या जवळ निवडून आलेली संस्था आणण्याचा तो एक धाडसी प्रयत्न होता.

१९५० मध्ये हा प्रांत मध्य प्रदेश राज्य झाला आणि राजधानी नागपूरच राहिली. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९०३ पासूनच्या सत्तावन्न वर्षांत वाशिमच्या माणसाने आपले गाव न सोडता हैदराबाद, नागपूर आणि मुंबई अशा तीन सत्ताकेंद्रांकडे तोंड वळवले. आपल्या ख्रिस्तसभेचा नकाशा मात्र या पुनर्रचनेबरोबर हलला नाही. ८ मे १९५५ रोजी स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात वाशिमचा मुलूख तेव्हाही होता आणि आजही आहे.

मुंबई दूर पडणार, ही भीती विदर्भाला होतीच. म्हणून १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरविण्याचे ठरले. नागपूरचे हिवाळी अधिवेशन हे त्याच वचनाचे फळ होय. राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमानेही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे नेमण्याची तरतूद केली. ही मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि त्यांच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. कागदावरचे वचन आणि हातात पडलेले फळ यांत किती अंतर असू शकते, हे यावरून ध्यानी येईल.

पुसदच्या माणसाची देणगी

येथे एका योगायोगाचा उल्लेख करावासा वाटतो. जुन्या वाशिम जिल्ह्यातून तुटून यवतमाळला गेलेल्या पुसद तालुक्यात, गहुली या गावी, १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष नाईक होते. १९६१ मध्ये समितीचा अहवाल आला, त्याच वर्षी जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा काम करू लागल्या. जनपद सभांची जागा त्यांनी घेतली.

१९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या, म्हणजे विकासगटाच्या संस्थेवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्ह्याला प्रमुख मानले. तालुका फार लहान, त्याला पुरेसा पैसा आणि जाणकार अधिकारी मिळणार नाहीत. राज्य फार मोठे, त्याला गावाची नड कळणार नाही. म्हणून जिल्हा, असा तो व्यवहारी विचार होता. जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेबाहेर ठेवून तिला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी देण्यात आला. आमदार-खासदारांनाही परिषदेचे सभासद करण्यात आले नाही. गावातील नव्या नेतृत्वाला मोठ्या झाडाच्या सावलीत वाढावे लागू नये, हा त्यामागील हेतू. नाईक पुढे १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले. ज्या दिवशी वाशिम जिल्हा पुन्हा जन्मला, तो १ जुलै हा नाईक यांचा जन्मदिवस.

आजची उतरंड

आपल्या आजीच्या घरात मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठे मडके तळाशी आणि सर्वांत लहान माथ्यावर. माथ्यावरचे मडके सर्वांच्या नजरेत भरते, पण भार सारा तळाच्या मडक्यावर असतो. राज्यकारभाराचेही तसेच आहे.

माथ्यावर राज्यपाल आहेत. घटनेप्रमाणे राज्याची कार्यकारी सत्ता त्यांच्या ठायी असते आणि प्रत्येक शासकीय आदेश त्यांच्या नावाने निघतो. प्रत्यक्ष निर्णय मात्र मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ घेते, आणि ते मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सभासद आहेत आणि विधान परिषदेत ७८. २००३ च्या घटनादुरुस्तीनुसार मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. म्हणजे आपल्या राज्यात ती त्रेचाळीसवर थांबते. वाशिम जिल्ह्यातून विधानसभेवर तीन आमदार जातात: रिसोड, वाशिम आणि कारंजा या मतदारसंघांतून. विधान परिषदेसाठी अकोला, वाशिम व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील स्थानिक संस्थांचा मिळून एक मतदारसंघ आहे. तेथे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य हेच मतदार असतात.

मंत्री धोरण ठरवितो. ते अमलात आणणारे खाते सचिवाच्या हाती असते. मुंबईच्या ज्या इमारतीत ही खाती बसतात, तिला पूर्वी सचिवालय म्हणत. १९७५ मध्ये तिचे नाव मंत्रालय झाले. कारभार सचिवांचा नसून लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांचा आहे, हे नावातूनच कळावे, असा तो बदल होता.

मंत्रालयातून वाशिमकडे येणाऱ्या वाटा मुख्यतः दोन. पहिली महसुलाची. मंत्रालयाखाली अमरावतीचे विभागीय आयुक्त, त्यांच्याखाली वाशिमचे जिल्हाधिकारी, मग उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि शेवटी तलाठी, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे आणि विदर्भात आजही ज्याला पटवारी म्हणतात. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके या जिल्ह्यात आहेत. या वाटेवर भेटणारा प्रत्येक माणूस वरून नेमलेला आहे.

दुसरी वाट लोकांनी निवडलेल्या संस्थांची. खाली ग्रामपंचायत, मध्ये पंचायत समिती, वर जिल्हा परिषद. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रस्ते, अंगणवाडी, पशुवैद्यकीय दवाखाना ही कामे या वाटेने होतात. ग्रामपंचायत अधिकारी, गटविकास अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हे तिचे नोकर. सरपंच, सभापती आणि अध्यक्ष हे तिचे प्रतिनिधी. नगरपालिका शहरांसाठी तेच काम करतात.

या दोन्ही वाटा एकत्र येतात त्या जिल्हा नियोजन समितीत. तिचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांतून निवडून येतात, अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असते आणि जिल्हाधिकारी सचिवाचे काम पाहतात. पालकमंत्री हे पद राज्यघटनेत नाही. ते महाराष्ट्राच्या प्रथेतून रूढ झाले आहे. तरीही जिल्ह्याच्या वार्षिक योजनेवर त्याचा प्रभाव मोठा असतो. या सर्वांवर न्यायालयाची देखरेख असते. वाशिमच्या माणसाची उच्च न्यायालयातील दाद नागपूर खंडपीठापुढे लागते.

जिल्हा परत मिळाल्याने काय झाले

नवे राज्य निर्माण करायचे, तर संसदेने कायदा करावा लागतो. नवा जिल्हा मात्र राज्य सरकार एका अधिसूचनेने निर्माण करू शकते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने त्याला तो अधिकार दिला आहे. १९९८ मध्ये मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या सरकारने त्याच दिवशी धुळ्यातून नंदुरबार आणि अकोल्यातून वाशिम असे दोन जिल्हे वेगळे केले. पालघरच्या वाचकांनी हा अनुभव १ ऑगस्ट २०१४ रोजी घेतला. ठाण्याची वारी कमी होणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

अंतर कमी झाले, हा लाभ उघड आहे. पण आमच्या मते त्याहून मोठा लाभ मोजमापाचा होता. १९८३ मध्ये राज्य सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी समिती नेमली. तिने पुढील वर्षी अहवाल दिला आणि अनुशेष मोजताना जिल्हा हे एकक धरले. त्या वेळी वाशिम जिल्हा नव्हता. वाशिम, रिसोड वा मानोऱ्याची कोरडवाहू शेती अकोल्याच्या सरासरीत मिसळून गेली होती. सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे. एका ताटात चार भाकरी आणि दुसऱ्यात एकही नाही, तरी सरासरीने दोघे जेवलेले असतात. जिल्हा स्वतंत्र झाल्यावर वाशिमचे ताट वेगळे मोजले जाऊ लागले, आणि ते किती रिकामे आहे हे दिसले. पुढे सिंचनाच्या अनुशेषाची चर्चा निघे, तेव्हा अमरावती, अकोला व बुलढाणा यांच्याबरोबर वाशिमचे नाव स्वतंत्रपणे घेतले जाऊ लागले.

२०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशभरातील शंभराहून अधिक मागास जिल्ह्यांना ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून निवडले, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्यासह वाशिमचा समावेश झाला. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व पाणी, आर्थिक समावेशन आणि मूलभूत सोयी यांवर या जिल्ह्यांची प्रगती मोजली जाते. वीस वर्षे स्वतःचा जिल्हा असूनही वाशिम या यादीत आले, याचा अर्थ काय? कचेरी जवळ आली म्हणजे दारिद्र्य दूर गेले, असे होत नाही. पायरी घातली म्हणून कोणी आपोआप वर चढत नाही. पण पायरी नसेल, तर चढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि जो मोजलाच जात नाही, त्याची हाकही कोणाला ऐकू येत नाही.

तळाचे मडके

या उतरंडीत आज सर्वांत अधिक काळजी वाटावी, अशी पायरी लोकनियुक्त संस्थांची आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत संस्थांना घटनात्मक स्थान दिले, पाच वर्षांची मुदत ठरवली आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे बंधन घातले. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांसाठी अर्ध्या जागा राखून ठेवल्या. परंतु ४ मार्च २०२१ रोजी वाशिमसह काही जिल्हा परिषदांच्या निवडणुकांतून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयी निर्णय दिला. स्वतंत्र आयोगाने माहिती गोळा करावी, प्रत्येक संस्थेनिहाय प्रमाण ठरवावे आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नये, या तीन अटी न्यायालयाने घातल्या. अनेक सदस्यांच्या निवडी रद्द झाल्या आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वाशिममध्येही पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. मागासवर्गीयांना न्याय मिळावा, ही मागणी योग्यच आहे; न्यायालयाची मोजमापाची मागणीही डावलता येण्यासारखी नाही. पण त्यानंतरच्या वादात निवडणुकाच लांबल्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या राज्यातील अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि वर्षानुवर्षे राहिले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश द्यावा लागला.

प्रशासक कर्तबगार असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. परंतु तो मतदाराला उत्तर देण्यास बांधलेला नसतो. १९०५ मध्ये ज्या पद्धतीने वाशिम जिल्हा मोडला गेला, त्या पद्धतीत आणि बिननिवडणुकीच्या कारभारात हाच एक धागा सामाईक आहे: खालच्या माणसाला विचारलेले नाही.

ख्रिस्तसभेच्या शिकवणीत या विषयावर स्पष्ट मार्गदर्शन आहे. १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी आपल्या विश्वपत्रात पूरकतेचे तत्त्व मांडले. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. मोठ्याने लहानाला हात द्यावा, त्याची जागा घेऊ नये, असा त्याचा आशय. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनीही आपल्या सामाजिक विश्वपत्रात या तत्त्वाला उजाळा दिला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कायदा झाला. एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. तरीही न्याय्य विचार वेगवेगळ्या ठिकाणी एकाच काळात कसा रुजतो, हे पाहून समाधान वाटते. या तत्त्वाला दुसरी बाजूही आहे. लहान समूह दुबळा असेल, तेव्हा त्याला आधार देणे हे मोठ्याचे कर्तव्य आहे. वाशिमला स्वतःचा जिल्हा हवा आणि राज्याच्या तिजोरीतून न्याय्य वाटाही हवा. एक दिले म्हणून दुसरे टाळता येत नाही.

मग आपण धर्मग्रामातील कुटुंबांनी काय करावे? संत पौलाने राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे, आणि ती आपण मिस्साबलिदानात करतोच. पण प्रार्थनेबरोबर माहितीही हवी. दफनभूमीसाठी शासकीय जमीन राखून ठेवण्याचा अधिकार महसुलाच्या वाटेवर, जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद धर्मगुरू चर्चच्या वहीत करतात, तशी त्याच्या जन्माची नोंद गावात ग्रामपंचायतीच्या वहीत व्हावी लागते. कोणते काम कोणत्या वाटेचे, हे ठाऊक नसल्याने अनेक अर्ज चुकीच्या टेबलावर धूळ खात पडतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा अधिकार आपल्याला दिला आहे. तो मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि वर्षातून किमान चार वेळा भरणारी ग्रामसभा ही तर या साऱ्या रचनेतील अशी एकमेव जागा आहे, जेथे प्रतिनिधीमार्फत नव्हे, तर मतदाराला स्वतः बोलता येते. आपल्यातील किती स्त्री-पुरुष त्या सभेस जातात, याचा प्रत्येक धर्मग्रामाने एकदा हिशेब घ्यावा, अशी आमची विनंती आहे. अल्पसंख्य समाजाने आपला आवाज वर पोहोचत नाही, अशी तक्रार करण्यापूर्वी खालची खुर्ची रिकामी ठेवलेली नाही ना, हेही पाहिले पाहिजे.

वत्सगुल्माच्या राजाने एका गावाला सवलती दिल्या, त्या ताम्रपटावर कोरून. कर्झन यांनी वऱ्हाड कायमचा पट्ट्याने घेतला, तो निजामाशी करार करून. १९०५ ची फेरमांडणी वरच्या कचेरीने केली आणि १९९८ चा जिल्हा राज्य सरकारच्या अधिसूचनेने आला. यांपैकी पहिल्या तिघांना वाशिमच्या रयतेची आठवण ठेवण्याचे कोणतेही बंधन नव्हते. चौथ्याला होते, कारण ते सरकार मत मागून आले होते आणि पुन्हा मत मागायला जाणार होते. लोकशाहीने उतरंडीच्या तळाच्या मडक्याला दिलेला मान तो एवढाच, आणि तो लहान नाही. तो जपणे हे माथ्यावर बसलेल्यांइतकेच आपलेही काम आहे.